चंदी, चूर्ण आणि शिंगराचे स्नायू

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांच्या बॅगेत हल्ली क्रिएटिनचा डबा हमखास असतो. या डब्याची पाळंमुळं इंग्लंडमधल्या न्यूमार्केट या घोड्यांच्या गावात आहेत, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. तिथल्या अ‍ॅनिमल हेल्थ ट्रस्ट या संस्थेत रॉजर हॅरिस हे रेसच्या घोड्यांच्या स्नायूंचा अभ्यास करत. १९९२ साली त्यांनी स्वीडनच्या एरिक हल्टमन यांच्याबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. माणसाला दिवसातून चार ते सहा वेळा पाच-पाच ग्रॅम क्रिएटिन दिलं, तर काही दिवसांतच त्याच्या स्नायूंतला क्रिएटिनचा साठा वाढतो, असं त्यात दाखवलं होतं. त्या निबंधावर पुढे जगभर केवढा मोठा व्यापार उभा राहिला, ते आपण पाहतोच आहोत.

हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यानं मग तोच प्रयोग थरोब्रेड घोड्यांवर केला. त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले आणि ते निराशाजनक होते. क्रिएटिन खाऊन घोडे अधिक पळाले नाहीत, दमायचे तेव्हाच दमले. काही वर्षांनी स्वीडनमध्ये ट्रॉटर जातीच्या घोड्यांवर पुन्हा करून पाहिलं, तिथेही हाती काही लागलं नाही. घोड्यांच्या प्रयोगशाळेतल्या माणसानं माणसांना दिलेली ही वस्तू घोड्यांच्या मात्र उपयोगी पडली नाही. तरीही घोड्यांसाठीचं क्रिएटिन आजही विकलं जातं, आणि डब्यावर उधळलेल्या घोड्याचं चित्रही असतं.

असं का झालं, हे समजून घेतलं की तरुण घोड्यांच्या पूरक आहाराचा जवळजवळ सगळा प्रश्न उलगडतो. तो प्रश्न आपल्याकडेही आहे. पुण्याच्या आसपास थरोब्रेडचे मोठे स्टड फार्म आहेत, पुणे आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दरवर्षी कोवळ्या वयाचे नवे घोडे उतरतात, सारंगखेड्याच्या बाजारात मारवाडी आणि काठेवाडी शिंगरांवर लाखांच्या बोल्या लागतात. लाख मोजून घेतलेल्या शिंगराच्या चंदीत आणखी दोन चमचे पूड घालायला कोण नको म्हणेल? मालकाचा जीव त्या शिंगरात अडकलेला असतो, आणि पूड विकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

आधी स्नायूंकडे पाहू. थरोब्रेडच्या शरीराच्या वजनात निम्म्याहून थोडा अधिक वाटा स्नायूंचा असतो. इतर जातींत तो जरा कमी भरतो. विश्रांतीत मिनिटाला तीस-पस्तीस वेळा पडणारे हृदयाचे ठोके भरधाव पळताना दोनशेवीसच्या पलीकडे जातात. प्लीहा आकसते आणि राखून ठेवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, त्यामुळे रक्तातलं त्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांवरून साठाच्या वर चढतं. किलोमागे किती प्राणवायू वापरता येतो हे मोजलं, तर उत्तम थरोब्रेड हा जगातल्या अव्वल धावपटूच्या दुप्पट भरतो. हे सगळं जन्मजात असतं. माणसानं तीनशे वर्षं वेचून वेचून केलेल्या पैदाशीचा तो परिणाम आहे.

स्नायूला आकुंचनासाठी लागणारं चलन म्हणजे एटीपी हा रेणू. त्याचा तयार साठा काही सेकंदांत संपतो, म्हणून तो सतत नव्यानं बनवावा लागतो. फॉस्फोक्रिएटिन पहिल्या काही सेकंदांची उधारी भागवतं. नंतर स्नायूतच साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, कामाला येते. प्राणवायू पुरेसा असेल तर ती मायटोकाँड्रियांमध्ये, म्हणजे पेशींच्या ऊर्जाघरांत, पूर्ण जळते. वेग वाढून प्राणवायू अपुरा पडला की तिचं अर्धवट विघटन होतं, लॅक्टेट साचतं आणि स्नायू आम्लधर्मी होत जातो. संथ दुडकीच्या वेळी मात्र घोडा बराचसा चरबीवर चालतो आणि साखर राखून ठेवतो.

रेस हजार-बाराशे मीटरची असली तरी तिच्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी अर्ध्याहून कितीतरी अधिक ऊर्जा प्राणवायूच्या मदतीनंच मिळते. एक-सव्वा मिनिटाची शर्यत म्हणजे निव्वळ झटक्याचा मामला, असं समजणाऱ्यांना हे खरं वाटत नाही. पण घोड्याचं हृदय आणि प्लीहा इतक्या वेगानं कामाला लागतात, की माणसाला ज्या अंतरात प्राणवायू पोचवायला वेळच मिळत नाही, तिथे घोडा तो पोचवतो. म्हणूनच शिंगराच्या स्नायूत मायटोकाँड्रिया किती आणि त्या कशा काम करतात, याला मोल आहे.

शिंगराचे स्नायू म्हणजे मोठ्या घोड्याच्या स्नायूंची लहान प्रत नसते. स्नायुतंतू ढोबळमानानं तीन प्रकारचे असतात. एक संथ आणि चिवट, दुसरा वेगवान पण दमदार, तिसरा अतिवेगवान आणि लवकर थकणारा. वय वाढतं आणि तालीम सुरू होते, तसतसे तिसऱ्या प्रकारातले काही तंतू दुसऱ्या प्रकाराकडे झुकतात, मायटोकाँड्रियांतल्या विकरांची क्रिया वाढते, तंतूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. हे बदल तालमीमुळे होतात आणि काही आठवड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. १९७४ साली स्वीडनमध्ये लिंडहोम आणि पील या संशोधकांनी घोड्याच्या पुठ्ठ्याच्या स्नायूतून जाड सुईनं नमुना घेण्याची पद्धत रुळवली, तेव्हापासून हे मोजता येऊ लागलं. त्याआधी घोड्याच्या दमाबद्दलची मतं अनुभवावर बेतलेली होती. त्यातली काही मतं चांगलीच होती, पण तपासायची सोय नव्हती.

आता क्रिएटिनकडे परत येऊ. घोडा शाकाहारी आहे, त्याच्या नैसर्गिक आहारात क्रिएटिन नसतंच. तो ते आपल्या शरीरात अमिनो आम्लांपासून बनवतो आणि त्याच्या स्नायूत ते माणसाइतकंच भरपूर सापडतं. शिवाय तोंडावाटे दिलेलं क्रिएटिन घोड्याच्या आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही. कोठार आधीच भरलेलं आणि दारही अरुंद, अशा वेळी गोणी कितीही आणल्या तरी त्या बाहेरच राहतात. डब्यावरच्या जाहिरातीत ग्रॅमचा आकडा ठळक असतो. त्यातले किती ग्रॅम आतडं ओलांडतात आणि किती स्नायूत शिरतात, हा आकडा तिथे कधीच छापलेला नसतो.

ग्लायकोजेनची गोष्ट याहून बोलकी आहे. दमलेला धावपटू भात, बटाटे, केळी खाऊन साधारण एका दिवसात आपला साठा पुन्हा भरतो. घोड्याला त्याच कामासाठी दोन ते तीन दिवस लागतात. दमलेल्या घोड्याच्या स्नायूत साखर आत घेणारी यंत्रणा माणसाइतक्या तत्परतेनं जागी होत नाही, हे याचं एक कारण. दुसरं कारण पोटात आहे. घोड्याचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं, लहान आतड्यात पिष्ट पचवणारं विकर बेताचं. त्याचं खरं बलस्थान मागच्या मोठ्या आतड्यात आहे. तिथे अब्जावधी जिवाणू गवतातला तंतू आंबवून त्याची मेदाम्लं करतात आणि घोडा त्यांवर जगतो. मॅरेथॉनपटू शर्यतीआधी पोटभर पिष्ट खाऊन साठा फुगवतात, ती युक्ती घोड्यावर चालत नाही. शिरेतून थेट ग्लुकोज दिलं तर साठा लवकर भरतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. तोंडावाटे दिलेल्या ग्लुकोजला ते यश आलं नाही. अडथळा बराचसा पोटाच्या वाटेवर आहे, हे यावरून कळतं.

या अडथळ्यावर घाईनं मात करायला गेलं की दुखणं ओढवतं. एका वेळी वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅमहून अधिक पिष्ट घोड्याच्या पोटात गेलं, तर लहान आतड्यात न पचलेला भाग मागच्या आतड्यात जाऊन भसाभस आंबतो. मग पोटशूळ होतो किंवा खुरांच्या आत दाह होऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. वाढत्या शिंगरांत फार पिष्टाच्या खुराकाचा संबंध सांध्यांतल्या कूर्चेच्या दोषाशीही आढळून आला आहे. आणि एकाच रेसमध्ये स्नायूतलं ग्लायकोजेन साधारण पाव ते एकतृतीयांशच खर्च होतं. घोडा एका रेसमध्ये साखर संपून थांबत नाही. खड्डा पडतो तो आठवड्यात लागोपाठ जोरकस गॅलप दिले आणि मधे दोन दिवस दिले नाहीत तर. त्याला औषध म्हणून कुठलंही चूर्ण लागत नाही, पंचांग आणि ट्रेनरचा संयम लागतो. मालकांना हे सांगणं ट्रेनरला जड जातं, कारण विश्रांतीचं बिल लावता येत नाही.

पिष्ट आणि स्नायू यांचं वैर एका जुन्या आजारात फार स्पष्ट दिसतं. युरोपात गाड्या ओढणारे घोडे रविवारी तबेल्यात बसून पूर्ण चंदी खात आणि सोमवारी कामाला जुंपल्याबरोबर त्यांचे पुठ्ठे दगडासारखे आखडत, लघवी काळपट तांबडी होई. सोमवारचा आजार म्हणूनच तो ओळखला जाई. २००८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या मॅक्यू आणि व्हॅलबर्ग यांच्या गटानं अशा घोड्यांपैकी अनेकांत ग्लायकोजेन बनवणाऱ्या विकराच्या जनुकात बदल असतो हे शोधलं. त्यांचे स्नायू साखर साठवतच सुटतात. थरोब्रेडमध्ये दिसणारं आखडणं मात्र वेगळ्या मुळाचं आहे. ते विशेषतः कोवळ्या, बुजऱ्या, तडफदार घोड्यांत, त्यातही माद्यांत अधिक आढळतं. दोन्ही ठिकाणी उपाय सारखाच निघाला: धान्य कमी, तेल जास्त, आणि रोज थोडीतरी हालचाल.

तेल ऐकून आपल्याकडच्या जुन्या घोडेवाल्यांना आश्चर्य वाटणार नाही. चांगल्या घोड्याला तूप पाजायची रीत जुनी आहे. घोड्याला पित्ताशय नसतं, म्हणून त्याला स्निग्ध पदार्थ पचत नाहीत असा समज होता. प्रत्यक्षात पित्त त्याच्या आतड्यात सतत झिरपत असतं आणि हळूहळू सवय लावली तर एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपर्यंत स्निग्ध भाग तो सहज रिचवतो. स्नायूंना चरबी जाळण्याची सवय व्हायला मात्र काही आठवडे जातात. रेसच्या आदल्या दिवशी पाजलेली तुपाची वाटी मालकाच्या समाधानापुरती.

जुन्या चंदीबद्दल आणखी एक सांगण्याजोगं. पागेत घोड्याच्या तोबऱ्यात भिजवलेला हरभरा जाई, कुठे कुठे कुळीथ. मोतद्दारांना अमिनो आम्लांचं शास्त्र ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण वाढत्या शिंगराला सर्वांत आधी तुटवडा पडतो तो लायसिन या अमिनो आम्लाचा, आणि धान्यांत ते कमी, तर कडधान्यांत भरपूर असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००७ साली काढलेल्या घोड्यांच्या पोषणाच्या संदर्भग्रंथात शिंगराच्या प्रथिनांच्या गरजेपैकी ४.३ टक्के लायसिन असावं असं म्हटलं आहे. लायसिन कमी पडलं तर बाकीची प्रथिनं कितीही दिली तरी स्नायू बांधले जात नाहीत, उरलेला नायट्रोजन लघवीवाटे निघून जातो. चांगल्या प्रतीची लसूणघास आणि सोयाबीनची पेंड ही गरज बऱ्यापैकी भागवतात. निव्वळ ओट, कोंडा आणि कोरड्या गवतावर वाढणाऱ्या शिंगराला लायसिनची पूड खरोखर उपयोगी पडू शकते. पूरक आहारातल्या ज्या थोड्या गोष्टींबद्दल मी बिनधास्त बोलेन, त्यांतली ही एक.

दुसरी जोडी ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांची. मायटोकाँड्रियात ऊर्जा तयार होताना प्राणवायूचे आक्रमक उपपदार्थ निघतात, ते पेशीच्या पडद्यांना इजा करतात. ई जीवनसत्त्व त्या पडद्यात बसून इजा रोखतं, सेलेनियम हा अशाच रक्षक विकराचा घटक असतो. गाभण घोडीच्या आहारात सेलेनियम फार कमी असेल तर जन्मलेल्या शिंगराचे स्नायू फिकट पडतात, त्याला उभं राहता येत नाही, कधी हृदयाचे स्नायूच निकामी होतात. ई जीवनसत्त्व हिरव्या गवतात मुबलक असतं, पण गवत वाळवून साठवलं की झपाट्यानं घटतं. मोकळं कुरण न मिळणाऱ्या, वर्षभर वाळल्या गवतावर असलेल्या घोड्यांना ते वरून द्यावं लागतं. नैसर्गिक रूपातलं ई जीवनसत्त्व कृत्रिमापेक्षा घोड्याच्या रक्तात चांगलं उतरतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

सेलेनियमबाबत मात्र हात आखडताच हवा. घोड्याची गरज कोरड्या आहाराच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण वाढलेल्या घोड्याला दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम. पुरेसं आणि विषारी यांच्यातलं अंतर इथे लहान आहे. एप्रिल २००९ मध्ये फ्लोरिडातल्या वेलिंग्टनला यूएस ओपन पोलोच्या सामन्यासाठी व्हेनेझुएलाच्या एका संघाचे घोडे आणले गेले. गाड्यांतून उतरवता उतरवता ते लटपटू लागले, कोसळू लागले. एकवीस घोडे मेले. थकवा जावा म्हणून त्यांना जीवनसत्त्वं आणि खनिजं यांचं एक मिश्रण टोचलं होतं. ते मागणीनुसार बनवून घेतलेलं होतं आणि ते बनवताना त्यातल्या घटकाचं प्रमाण चुकलं होतं. तपासणीत मृत घोड्यांच्या शरीरात सेलेनियमचा अतिरेक आढळला. आपल्याकडे पंजाबच्या होशियारपूर आणि नवांशहर भागांतल्या काही जमिनींत सेलेनियम इतकं आहे, की तिथल्या चाऱ्यानं जनावरांना विषबाधा होते. चारा कुठला, हे ठाऊक नसताना सेलेनियमची मात्रा ठरवणं म्हणजे अंधारात पाऊल टाकणं.

लोहाची हकीकत जवळपास अशीच आहे, फक्त तिच्यात एक गंमत आहे. शांत उभ्या घोड्याचं रक्त तपासलं तर तांबड्या पेशी कमी दिसतात, कारण बराचसा साठा प्लीहेत असतो. अहवाल पाहून मालक म्हणतो, रक्त कमी आहे. मग लोहाचं टॉनिक सुरू होतं. गवत खाणाऱ्या निरोगी घोड्याला लोहाची कमतरता सहसा होतच नाही, आणि जादा लोह शरीराबाहेर टाकायची सोय त्याच्याकडे नसल्यात जमा आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नवजात शिंगरांना पोट चांगलं राहावं म्हणून एक पेस्ट चाटवली जात होती. तिच्यातल्या लोहानं यकृत निकामी होऊन शिंगरं दगावली. ती पेस्ट देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

आता ज्यांच्याबद्दल ठाम बोलता येत नाही, अशा काही गोष्टी. कार्निटिन मेदाम्लांना मायटोकाँड्रियात नेतं, म्हणून ते चरबी जाळायला मदत करेल असा तर्क आहे. तोंडावाटे दिलेलं कार्निटिन घोड्याच्या आतड्यातून थोडंच शोषलं जातं, आणि मोठ्या घोड्यांच्या स्नायूत ते वाढल्याचं दिसलं नाही. पण स्पेन आणि जर्मनीतल्या संशोधकांनी दोन वर्षांच्या शिंगरांना तालमीच्या काळात ते दिलं, तेव्हा दमदार तंतूंचं प्रमाण आणि केशवाहिन्या नुसत्या तालमीपेक्षा अधिक वाढल्या, असं २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. शिंगरं मोजकीच होती, आणि सूक्ष्मदर्शकाखालचा फरक रेसच्या घड्याळात उतरला का, हा प्रश्न निराळा. शाखायुक्त अमिनो आम्लांवरचे प्रयोग परस्परविरोधी आहेत, त्यांच्यावर जास्त शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

कार्नोसिन मला सगळ्यांत रोचक वाटतं. हा स्नायूतला आम्ल शोषणारा पदार्थ. थरोब्रेडच्या स्नायूत तो माणसाच्या चार-पाच पट असतो, वेगवान तंतूंत त्याहूनही जास्त. भरधाव पळताना रक्तातलं लॅक्टेट विश्रांतीच्या वीस-तीस पट चढत असताना घोडा त्याच वेगानं पळत राहतो, त्यात कार्नोसिनचा हात आहे. कार्नोसिन बनतं बीटा-अ‍ॅलानिन आणि हिस्टिडिन यांच्यापासून. १९९९ साली डनेट आणि पुन्हा तेच हॅरिस यांनी थरोब्रेडना महिनाभर ही दोन्ही अमिनो आम्लं चारली आणि वेगवान तंतूंत कार्नोसिन वाढल्याचं दाखवलं. वाढ माफक होती, पण खरी होती. २००६ मध्ये हॅरिस यांनी माणसांना बीटा-अ‍ॅलानिन देऊन हेच दाखवलं आणि व्यायामशाळांत दुसरा डबा आला. या वेळी घोडे आधी आणि माणसं नंतर, एवढाच फरक.

आम्ल शोषण्याचा जवळचा मार्ग म्हणून काही मंडळी रेसच्या काही तास आधी नाकातून नळी घालून खाण्याचा सोडा आणि साखर यांचं पाणी घोड्याच्या पोटात ओतत. जगभरच्या रेसिंग संस्थांनी याला बंदी घातली आहे आणि अनेक ठिकाणी रक्तातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडची मर्यादा लिटरमागे ३६ मिलिमोल ठेवली आहे. त्यावर आकडा गेला की घोडा बाद, ट्रेनर अडचणीत. तांबड्या पेशी वाढवण्याच्या नादात कोबाल्ट देणाऱ्यांसाठीही लघवीतल्या कोबाल्टची मर्यादा ठरली आहे. पूरक आहाराच्या पाकिटांतही कधी असं काही मिसळलेलं निघतं, म्हणून रेसच्या घोड्याला नवं पाकीट देण्याआधी त्यातला प्रत्येक घटक वाचलेला बरा.

अलीकडच्या संशोधनानं एक नवी दिशा दाखवली आहे. २०१० साली डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एमलिन हिल आणि सहकाऱ्यांनी मायोस्टॅटिन या जनुकाच्या रूपावरून थरोब्रेड कमी अंतराचा की लांब पल्ल्याचा, याचा बराच अंदाज येतो असं दाखवलं. स्प्रिंटर रूपाच्या घोड्यांत अतिवेगवान तंतू अधिक असतात. २०१७ मध्ये त्याच गटानं तालीम न झालेल्या थरोब्रेडच्या स्नायूतल्या मायटोकाँड्रिया तपासल्या. स्प्रिंटर रूपात ऊर्जासाखळीतल्या काही जोड्यांचं काम मंद होतं, आणि परीक्षानळीत कोएन्झाइम क्यू १० घातल्यावर ते सुधारलं. म्हणजे काही शिंगरांना या पदार्थाची उणीव जन्मतः असू शकते आणि काहींना मुळीच नसते. तो चारल्यावर रक्तातलं प्रमाण वाढतं हेही दिसलं आहे. रक्तातून स्नायूत आणि स्नायूतून घड्याळात, हा प्रवास अजून सिद्ध व्हायचा आहे. सगळ्या शिंगरांसाठी एकच डबा ही कल्पना मात्र यामुळे डळमळीत झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

शिंगराच्या बाबतीत एक गोष्ट जाहिरातवाले कधी काढत नाहीत. स्नायू आणि हृदय काही आठवड्यांत तालमीला जुळवून घेतात. हाडं, कंडरा आणि सांध्यांची कूर्चा यांना महिनोन्‌महिने लागतात. गुडघ्याच्या वरच्या हाडाच्या टोकाशी असलेला वाढीचा थर दोन वर्षांच्या पुढेही उघडाच असतो. एखादं चूर्ण खरोखरच चाललं आणि दोन वर्षांच्या शिंगराचे स्नायू लवकर जोमदार झाले, तर तो जोर पेलायचा कुणी? आपल्याकडची इंडियन डर्बी, १९४३ पासून चालत आलेली आणि महालक्ष्मीवर होणारी २४०० मीटरची रेस, चार वर्षांच्या घोड्यांची असते. एप्समची मूळ डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची. इथल्या घोड्याला ते जास्तीचे काही महिने मिळतात, आणि हाडांच्या दृष्टीनं ते फुकटात मिळालेले आहेत.

एखाद्या शिंगराला काय द्यावं, असं कुणी विचारलं तर उत्तर रुक्ष आहे. शिंगराचं वजन करा आणि रोजचं गवत तोलून द्या. बहुतेक तबेल्यांत धान्य मोजलं जातं, गवत मात्र हाताच्या अंदाजानं टाकलं जातं. त्या गवताचा आणि लसूणघासीचा नमुना वर्षातून एकदा प्रयोगशाळेत पाठवा. पशुवैद्याकडून रक्तातलं सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व तपासून घ्या. जे कमी निघेल ते द्या, जितकं कमी निघेल तितकंच द्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. नवा डबा आणायचाच असेल तर एका वेळी एकच आणा, म्हणजे फरक पडला तर तो कशानं पडला हे कळेल. आणि एकाच शिंगराला तीन वेगवेगळ्या पाकिटांतून सेलेनियम जात नाही ना, एवढं मोतद्दाराबरोबर बसून एकदा नीट पाहा.